अल्बिनिझम असलेली मुले आणि त्वचेचा कर्करोग: पालक जवळ नसताना काळजी कोणी घ्यायची?

अल्बिनिझम म्हणजेच वर्णहीनता घेऊन जन्मलेल्या मुलाचे केस पांढुरके किंवा पिंगट असतात, त्वचा गोरी-गुलाबी असते आणि डोळ्यांना प्रकाश सोसत नाही. गावाकडे अशा मुलाला ‘भुरा’ म्हणून मोकळे होतात. पालक डॉक्टरांकडे पहिल्यांदा येतात ते बहुधा डोळ्यांसाठी: बाळाची नजर स्थिर राहत नाही, बुबुळे सारखी हलतात, शाळेत फळ्यावरचे दिसत नाही. त्वचेचा विषय मागे पडतो, कारण लहानपणी तक्रार फक्त ‘उन्हात लाल होतो’ एवढीच असते. वीस-पंचवीस वर्षांनी त्याच लाल होणाऱ्या त्वचेवर कर्करोग होऊ शकतो.

हा कर्करोग बऱ्याच अंशी टाळता येतो. त्यासाठी महागडी औषधे लागत नाहीत. मात्र रोज, न चुकता, कोणीतरी मोठ्या माणसाने लक्ष द्यावे लागते. मूल घरी असेल तर हे काम आई-वडील करतात. मूल वसतिगृहात, निवासी शाळेत, नातेवाइकांकडे किंवा एखाद्या निवारा केंद्रात एकटे राहत असेल, तर ते कोण करणार? या प्रश्नाचा अनुभव सर्वात जास्त जमा झाला आहे तो पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियात. म्हणून या लेखात तिथली माहिती बरीच आहे. तुमचे मूल नगरच्या किंवा नांदेडच्या निवासी शाळेत असेल, तरी ती तुमच्या उपयोगाची आहे.

त्वचेत नेमके काय कमी असते?

आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. सूर्याच्या अतिनील किरणांना ते बऱ्याच प्रमाणात अडवते. अल्बिनिझममध्ये ते तयार करणाऱ्या पेशी असतात, पण जनुकातील दोषामुळे रंगद्रव्य अजिबात तयार होत नाही किंवा फार थोडे होते. मग अतिनील किरण थेट पेशींच्या गाभ्यातील डीएनएवर आघात करतात. शरीर ही मोडतोड दुरुस्त करत राहते; पण रोजच्या रोज मार बसत गेला की काही चुका राहून जातात आणि साठत जातात. कर्करोगाची सुरुवात याच साठलेल्या चुकांतून होते.

हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तरच मूल असे जन्मते. आई-वडील स्वतः सावळे, निरोगी असतात आणि त्यांना आपण वाहक आहोत याची कल्पनाही नसते. असे जोडपे असेल तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला अल्बिनिझम असण्याची शक्यता २५ टक्के असते. मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झाले असेल, तर दोघेही एकाच दोषाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. ग्रहणात आईने काही चिरले, बाळाला कोणाची नजर लागली, आईचे वागणे बरोबर नव्हते, असले बोलणे कोणी ऐकवत असेल तर त्यात काडीचेही तथ्य नाही.

अल्बिनिझम म्हणजे कोड नव्हे. कोड नंतर उमटते आणि त्याचे डाग असतात. अल्बिनिझम जन्मापासून सर्वांगभर असतो. तो स्पर्शाने पसरत नाही.

कर्करोग किती लवकर होऊ शकतो?

उष्ण कटिबंधात संरक्षणाशिवाय वाढलेल्या मुलांच्या त्वचेवर उन्हाच्या नुकसानीच्या खुणा पहिल्या काही वर्षांतच दिसू लागतात. नायजेरियात झालेला एक मोठा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वयाची २० वर्षे ओलांडलेल्या एकाही व्यक्तीची त्वचा कर्करोगापासून किंवा कर्करोगपूर्व बदलांपासून मुक्त आढळली नाही. दार-एस-सलाम येथील डॉक्टरांनी १९८५ साली मांडलेले चित्रही असेच होते: विशी-तिशीतले तरुण, आणि गाठी खूप वाढल्यावर रुग्णालयात आलेले.

या रुग्णांत सर्वाधिक आढळतो तो स्क्वामस पेशींचा कर्करोग. तो चेहरा, कान, मानेची मागची बाजू, खालचा ओठ, हाताची मागची बाजू अशा उघड्या जागी होतो. बेसल पेशींचा कर्करोग त्याखालोखाल. मेलॅनोमा कमी आढळतो, पण तो काळा नसून गुलाबी दिसू शकतो. म्हणून ‘काळा तीळ नाही, म्हणजे काळजी नाही’ हा हिशेब इथे चालत नाही.

‘आफ्रिकेतले ऊन वेगळे, आपले वेगळे’ असे काही पालक म्हणतात. संपूर्ण महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मे महिन्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. उन्हाळ्यात दुपारी आपल्याकडचा अतिनील निर्देशांक अनेकदा ११ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ३ पासूनच संरक्षण लागते आणि ११ ही ‘अतितीव्र’ पातळी आहे. महाबळेश्वरच्या थंड हवेत ऊन ‘लागत’ नाही, पण उंचीमुळे तिथे अतिनील किरण थोडे जास्तच असतात. उष्णता आणि अतिनील किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एकदा ध्यानात आले की बऱ्याच चुका टळतात.

टांझानियातील एकटी मुले

जगाच्या बऱ्याच भागांत साधारण १७,००० ते २०,००० जणांमागे एकाला अल्बिनिझम असतो. टांझानियात हे प्रमाण साधारण १,४०० जणांमागे एक इतके सांगितले जाते. या लोकांच्या शरीराच्या अवयवांना जादूटोण्यात किंमत आहे या अंधश्रद्धेपायी २००६-०७ च्या सुमारापासून तिथे, विशेषतः व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपासच्या प्रदेशात, त्यांच्यावर हल्ले आणि खून होऊ लागले. बळींत मुले बरीच होती. शेजारच्या बुरुंडीत आणि पुढे मलावीतही असेच हल्ले झाले. कुटुंबे घाबरून गाव सोडू लागली. सरकारने अनेक मुलांना शिन्यांगातील बुहांगिजा, कसुलूतील कबांगा, मिसुंग्वीतील मितिंडो अशा ठिकाणी हलवले. या मुळात अंध किंवा अपंग मुलांच्या शाळा-संस्था होत्या. काही मुलांना आई-वडिलांनी स्वतः आणून सोडले. काहींना भेटायला नंतर कोणीच आले नाही.

हल्ल्यापासून मुले वाचली. पण एका आवारात खूप मुले, थोडी माणसे, उघडे मैदान, दुपारी जेवणाची रांग, पाणी भरायला बाहेर जाणे, कपडे धुणे, आणि ‘आत ये, ऊन आहे’ असे म्हणणारे जवळचे कोणी नाही, अशी परिस्थिती झाली. डॉक्टर म्हणून मला या घटनेतला सर्वात शिकण्यासारखा भाग हाच वाटतो. एका धोक्यापासून मुलाला दूर नेताना आपण त्याला रोज सावलीत बोलावणाऱ्या माणसापासूनही दूर नेतो. पहिला धोका सगळ्यांना दिसतो. दुसरा वीस वर्षांनी दिसतो, तेव्हा त्या केंद्राची नोंदवहीसुद्धा सापडत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ साली ‘एकटे मूल’ याची व्याख्या केली. आई-वडील आणि इतर नातेवाइकांपासून दुरावलेले, आणि कायद्याने किंवा रूढीने ज्याची जबाबदारी आहे अशा कोणा मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली नसलेले मूल, असा तिचा आशय आहे. व्याख्या सीमा ओलांडून आलेल्या मुलांसाठी आहे, पण तिचा गाभा वैद्यकीयही आहे: जबाबदार मोठा माणूस नाही. साध्या तापात दोन दिवस असे गेले तर निभावते. ज्याला रोज दोनदा क्रीम, रोज टोपी आणि दर सहा महिन्यांनी तपासणी लागते, त्याचे निभावत नाही.

म्हणून निर्वासितांच्या छावणीत, निवारा केंद्रात किंवा सीमेवरच्या नोंदणी कक्षात असे मूल आले, तर त्वचेची गरज पहिल्याच दिवशी नोंदली पाहिजे. चादर आणि ताट देतानाच रुंद कडेची टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा द्यायचा. क्रीम नंतर आले तरी चालेल. रांगा आणि पाणी भरणे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवायचे. एका मुलामागे एका मोठ्या माणसाचे नाव लिहायचे. ‘सगळे कर्मचारी लक्ष देतात’ याचा अर्थ बहुतेक वेळा कोणीच देत नाही असा होतो. त्वचा तपासणीचा कागद मुलाबरोबर पुढच्या ठिकाणी गेला पाहिजे. जिथे हल्ल्याची भीती आहे तिथे मुलाचा फोटो आणि ठावठिकाणा मदतीच्या जाहिरातीतही छापू नये. मुलाचा घराशी संपर्क टिकवणे हाही काळजीचाच भाग आहे. टांझानियातील अशी केंद्रे कायमचा उपाय ठरू शकत नाहीत, मुले सुरक्षितपणे कुटुंबात परतली पाहिजेत, हे अल्बिनिझमविषयक काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र तज्ज्ञांनीही मांडले आहे.

तिथे एक चांगले कामही उभे राहिले. किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशी गावात त्वचारोगाचे प्रादेशिक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे ‘किलीसन’ नावाचे सनस्क्रीन तयार होऊ लागले. अल्बिनिझम असलेल्या लोकांसाठीच ते बनवलेले आहे आणि ते बनवणाऱ्यांत अल्बिनिझम असलेले लोकही आहेत. ते फिरत्या दवाखान्यांतून मोफत दिले जाते. महत्त्वाचे असे की क्रीम घ्यायला आलेल्या माणसाची त्वचाही त्याच भेटीत तपासली जाते, संशयास्पद खरखरीत डाग तिथेच गोठवले जातात आणि वापर कसा करायचा तेही शिकवले जाते. नुसत्या बाटल्या वाटण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी शहाणपणाची आहे.

रोजची काळजी: कपडे आधी, क्रीम नंतर

बहुतेक पालक पहिला प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, कोणते क्रीम लावू?’ माझे उत्तर असते: आधी टोपी दाखवा. क्रिकेटची टोपी कान आणि मान उघडी ठेवते, आणि गाठी नेमक्या तिथेच होतात. चारही बाजूंनी सात-आठ सेंटिमीटर कड असलेली टोपी हवी. सदरा पूर्ण बाह्यांचा, कॉलरचा, घट्ट विणीचा. उजेडाकडे धरून पलीकडचे दिसत असेल तर तो कापड ऊन अडवत नाही. गडद रंग फिक्या रंगापेक्षा जास्त अडवतो. पातळ सुती कपडा घामाने ओला झाला की त्याचे संरक्षण कमी होते. हाफ पँटऐवजी फुल पँट आणि चपलेऐवजी बूट. गॉगल अतिनील किरण पूर्ण अडवणारा घ्या, नुसता काळ्या काचेचा नको.

सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत शक्य तितके सावलीत. घड्याळ नसेल तर मुलाला सोपी खूण शिकवा: आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की आत जायचे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे नीट समजते.

आता क्रीम. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक, आणि यूव्हीए व यूव्हीबी दोन्ही अडवणारे. लहान मुलांना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले बहुधा चांगले सोसते. बाहेर जाण्याआधी १५ ते २० मिनिटे लावा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी आणि घाम आल्यावर किंवा पोहून आल्यावर पुन्हा. प्रमाण म्हणजे चेहरा आणि मानेसाठी मुलाच्या स्वतःच्या दोन बोटांच्या लांबीइतक्या दोन रेघा. कान आणि हाताची मागची बाजू यांसाठी आणखी. कानाची वरची कड, मानेची मागची बाजू आणि खालचा ओठ हमखास राहून जातात. रोजच्या वापरात ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभराहून जास्त पुरत असेल, तर क्रीम पुरेसे लागत नाही असे समजा. सहा महिन्यांखालच्या बाळाला क्रीम लावू नका. त्याला सावली आणि कपडे पुरेसे.

गोरेपणाच्या क्रीमवर ‘एसपीएफ १५’ छापलेले असते, त्यावर विसंबू नका. खोबरेल तेल, तूप, हळद, कोरफड त्वचा मऊ ठेवतील, पण ऊन अडवण्यासाठी त्यांचा भरवसा नाही. ढगाळ दिवशीही काळजी हवी. ड जीवनसत्त्वासाठी मुलाला कोवळ्या उन्हात बसवण्याचा सल्ला घरातील मोठी माणसे देतात. रंगद्रव्य कमी असलेल्या त्वचेत हे जीवनसत्त्व थोड्याशा उजेडातही तयार होते. शंका असेल तर रक्त तपासून गोळी घ्या, मुलाला उन्हात बसवू नका.

मूल वसतिगृहात किंवा निवासी शाळेत असेल तर

नजर अधू असल्यामुळे आपल्याकडेही अल्बिनिझम असलेली काही मुले अंधशाळेत किंवा निवासी शाळेत शिकतात. काहींचे आई-वडील ऊसतोडीला किंवा बांधकामावर गेलेले असतात आणि मूल आजीकडे असते. प्रवेशाच्या दिवशीच मुख्याध्यापकांना आणि अधीक्षकांना भेटा. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा आणि त्यात मोघम ‘उन्हापासून जपावे’ असे न लिहिता नेमके लिहून घ्या: गणवेश पूर्ण बाह्यांचा, प्रार्थना आणि कवायत सावलीत, मैदानी खेळ सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी, वर्गात टोपी घालायची परवानगी, पहिल्या बाकावर पण खिडकीपासून दूर जागा. यूव्हीए किरण काचेतून आत येतात. वर्गातली टोपी म्हणजे बेशिस्त नव्हे, हे एकदा लिहून दिले की मुलाला रोज शिक्षकांशी वाद घालावा लागत नाही.

क्रीम लावण्याची जबाबदारी एका माणसावर ठरवा, मग ती मावशी असो, शिक्षिका असो किंवा आचारी. त्यांना तुम्ही स्वतः एकदा लावून दाखवा. ट्यूब मुलाच्या पेटीत कुलपात ठेवा; मोठी मुले ती ‘गोरे व्हायचे क्रीम’ समजून वापरतात. सात-आठ वर्षांचे झाल्यावर मूल आरशात पाहून स्वतः लावू शकते, मात्र नजर कमी असल्याने मागच्या बाजूला कोणाची तरी मदत लागते. दर सुट्टीत घरी आल्यावर त्याला आंघोळीच्या आधी उजेडात नीट पाहा.

दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये अल्बिनिझमची स्वतंत्र नोंद नाही. मात्र नजर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी या गटात प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळू शकते. नेत्रतपासणी करून अर्ज जरूर करा. मुलाची आबाळ होत असेल, त्याला मारहाण किंवा छळ होत असेल, किंवा असे मूल एकटे भटकताना दिसले, तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो.

काय दिसले तर थांबू नये?

दर महिन्याला एकदा पाहा आणि दर सहा महिन्यांनी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बोट फिरवल्यावर पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागणारी, सोलली तरी पुन्हा येणारी जागा हा बहुधा कर्करोगपूर्व बदल असतो. चार आठवड्यांत न भरलेली जखम, पुन्हा पुन्हा खपली धरून रक्त येणारी पुळी, वाढत जाणारी गुलाबी किंवा चमकदार गाठ, खालच्या ओठावरची न भरणारी भेग, या सगळ्यांना ‘उन्हाळी’ म्हणून सोडून देऊ नका. अशा जागेवर औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावू नका. लाली कमी होते, निदान मात्र लांबते.

खरखरीत जागा द्रवरूप नायट्रोजनने गोठवून किंवा ५-फ्लोरोयुरॅसिल मलमाने घालवता येते. मलमाने त्वचा आधी लाल होते, सोलते, आणि पालक घाबरून ते मध्येच बंद करतात; डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. गाठ असेल तर तुकडा काढून तपासतात आणि लहान असतानाच कापून काढली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. ती हाडापर्यंत किंवा मानेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचली की मोठी शस्त्रक्रिया, त्वचारोपण, किरणोपचार असे सगळे करावे लागते आणि तरीही खात्री देता येत नाही.

मुलाला सहज काळेनिळे डाग पडत असतील, नाकातून वारंवार रक्त येत असेल किंवा दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर तुकडा काढण्याआधीच डॉक्टरांना सांगा. हर्मान्स्की-पुडलाक नावाच्या अल्बिनिझमच्या एका दुर्मिळ प्रकारात रक्त गोठण्यात दोष असतो आणि त्याची तयारी आधी करावी लागते.

तपासणीला जाताना मुलाची टोपी आणि वापरात असलेले क्रीम बरोबर न्या. मूल वसतिगृहात राहत असेल, तर तिथे त्याच्याकडे पाहणाऱ्या माणसाचे नाव आणि फोन नंबर केस पेपरवर लिहून घ्यायला सांगा, म्हणजे पुढच्या तपासणीची तारीख त्यांनाही कळवता येईल.